सुलट उमटणारी फॉर्च्युना

लंडनच्या हॅटन गार्डनमध्ये मी जडाईचं काम करतो. परवा एक बाई रुमालात गुंडाळून एक खडा घेऊन आल्या. लाल अकीक, उंची जेमतेम 12 मिलिमीटर, त्यावर कोरलेली रोमन देवी. आईकडून आलेला, सोबत लिलावाची जुनी पावती. मी आधी पावती वाचली. 2023 मध्ये ब्रिटिश म्युझियममधले असे खडे चोरीला गेल्याचं उघड झालं, तेव्हापासून कागदाशिवाय जुना खडा मी कामाला घेत नाही.

"अंगठीत बसवा, पण आधी घासून चकचकीत करा," त्या म्हणाल्या.

मी नाही म्हटलं. भिंगाखाली वरचा भाग बारीक चऱ्यांनी मंदावलेला दिसत होता, पण कोरलेल्या खळग्यांत कारागिराच्या कोरायच्या चाकाच्या खुणा जशाच्या तशा होत्या. वस्त्राची एकेक चुणी म्हणजे चाकाचा एकेक घाव. चेहरा अगदी उथळ. पॉलिश करायचं म्हणजे वरचा थर काढायचा, त्यात पहिल्यांदा तिचं नाक जाणार.

बोलून पटेना. मग मऊ मातीच्या गोळीवर खडा अलगद दाबला आणि उचलला. खड्यात डाव्या हाताला असलेलं सुकाणू ठशात उजव्या हाती आलं, दुसऱ्या बाजूला फळांनी भरलेलं शिंग. फॉर्च्युना, दैवाची देवी. ही मोहोर आहे हो, सुलट उमटावी म्हणून उलटी कोरलेली! बाई कितीतरी वेळ ठसा बघत राहिल्या. पॉलिशचा विषय पुन्हा निघाला नाही.

चिकटवायचा मात्र नव्हता. उत्तर इंग्लंडमधल्या कार्लाइल शहरातल्या रोमन स्नानगृहाच्या गटारात असे 30हून जास्त खडे सापडले. वाफेनं डिंक सुटला आणि ते अंगठ्यांतून निखळले, असं तिथले संशोधक सांगतात. मी 22 कॅरटची पातळ पट्टी घेऊन कोंदण केलं. डाक लावणं, घासणं, सगळं आधी उरकलं, कारण आच लागली तर अकीक तडकतो. मग खडा ठेवून समोरासमोरच्या बाजूंनी थोडा थोडा काठ दाबत गेलो. या कामाला अर्धा दिवस लागला. मनात सारखं पैठण होतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी-वर्णनात पैठणहून गाड्यांनी भडोचला जाणाऱ्या अशाच जातीच्या दगडांचा उल्लेख आहे, आणि लहानपणी गोदावरीच्या पात्रात अकीकाचे गोटे मी स्वतः वेचलेत.

बाईंनी अंगठी घालून हात खिडकीशी धरला, तर खडा आतून पेटल्यासारखा लाल झाला. जाताना मातीचा ठसाही त्यांनी मागून घेतला. अंगठीचा त्याआधी काढलेला फोटो मी रात्री बाबांना पाठवला. चाळीस वर्षं सोनारकी केलेला माणूस, लगेच फोन आला.

"कोंदण खालून उघडं ठेवलंस ना रे?"

"ठेवलंय, बाबा."