लिफ्ट आणि ३१ इंची टायर: बजेटचा तक्ता कुठवर आला

माझ्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीला लिफ्ट करायची, म्हणजे चॅसी अॅक्सलपासून उंच करायची, आणि मोठे टायर घालायचे, त्याचा हा हिशेब. स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर येऊन पडलेत, टायर अजून तक्त्यातच आहेत. क्रम मुद्दाम असा ठेवलाय: टायरचा आकार सगळ्यात आधी ठरवायचा आणि त्याचे पैसे सगळ्यात शेवटी मोजायचे. लिफ्ट किती हवी, गिअर बदलावे लागतील का, आहे ती रिम चालेल का, इतकंच काय, जॅक पुरेल का, हे सगळं त्या एका आकड्यावर अवलंबून असतं. आधी लिफ्ट किट घेऊन मग "यात केवढा टायर बसेल?" असं विचारत बसलं की त्याच कामाचे पैसे दोनदा जातात.

गाडीची ओळख थोडक्यात. लॅडर फ्रेम, पुढे-मागे सॉलिड अॅक्सल (डावं-उजवं चाक एकाच अखंड आसावर), चारही बाजूंना कॉइल स्प्रिंग, पुढे रेडियस आर्म (अॅक्सलला चॅसीशी जोडणारे लांब दांडे), फायनल ड्राइव्ह ४.१० (चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे ४.१० फेरे). कंपनीचा टायर २३५/७५ आर१५, म्हणजे व्यास ७३३ मिलिमीटर, २९ इंचांना जरासा कमी. ठरलाय तो ३१×१०.५० आर१५, व्यास ७८७. फरक ५४ मिलिमीटरचा, पण डिफखाली (डिफरन्शियल, अॅक्सलवरचा गिअरचा गोळा) मिळणार त्याच्या निम्मे, २७. ऐकायला किरकोळ वाटतं. मात्र सॉलिड अॅक्सलच्या गाडीत कितीही उंच लिफ्ट केली तरी डिफ जमिनीपासून तेवढाच राहतो; लिफ्टने वर जाते ती चॅसी. दगडाला आधी डिफ लागतो, त्यामुळे तक्त्यातला सगळ्यात मोठा घास टायरचा आहे याचं मला वाईट वाटत नाही.

३३चा मोह होताच. कुणाला होत नाही? म्हणून दोन्ही आकारांचे तक्ते शेजारी शेजारी मांडले. ३१ इंचांत व्यास ७ टक्क्यांनी वाढतो आणि ४.१०चा फायनल ड्राइव्ह ३.८२ असल्यासारखा वागतो. चढावर एक गिअर खाली टाकावा लागेल, क्लचला थोडं जपावं लागेल, पण गाडी चालेल. ३३ इंचांत वाढ १४ टक्क्यांची आणि ४.१०चे होतात ३.५९. मूळची ओढ परत हवी तर ४.७०च्या आसपासचा क्राउन-पिनियन (डिफमधली गिअरची जोडी) घालावा लागतो, आणि फोर-व्हील ड्राइव्ह असल्याने तो पुढच्या डिफलाही तोच हवा. म्हणजे दोन सेट, बेअरिंग, सील आणि बॅकलॅश (गिअरच्या दातांमधली फट) नीट बसवू शकेल असा हात. शिवाय लिफ्ट ४ इंचांच्या दिशेने सरकते, मग प्रोपेलर शाफ्टचा कोन, स्टिअरिंगच्या रॉडचा कोन, मडगार्ड कापणं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. दोन इंच जास्तीच्या रबरासाठी मला हे परवडत नाही आणि खरं तर माझ्या वाटांना लागतही नाही.

३१साठी २ इंच लिफ्ट घेतली. सध्याच्या स्प्रिंगवर स्पेसर (जाड चकती) ठेवून उंची मिळते, तीही फार स्वस्तात. पण माझे मूळ स्प्रिंग दबून बसलेले आहेत आणि शॉकही थकलेत, त्यामुळे स्पेसरचे पैसे काही काळाने पुन्हा स्प्रिंगमध्येच घालावे लागले असते. स्प्रिंग निवडताना गाडीत कायम किती वजन राहणार हे आधी पक्कं करा. पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढायचं यंत्र) येणार असेल तर ते वजन धरूनच स्प्रिंग मागवायची. नाहीतर आज रिकाम्या गाडीत ती दगडासारखी लागते किंवा उद्या बंपर लावल्यावर घेतलेली उंची परत जाते. शॉकच्या बाबतीत सगळे पूर्ण उघडल्यावरची लांबी विचारतात. पूर्ण दबल्यावरची लांबीही विचारा. बंपस्टॉपच्या (अॅक्सलला वर जाताना अडवणारा ठोकळा) आधी शॉक तळाला टेकला तर तो फुटतो.

बाकीच्या खर्चासाठी तक्त्यात तीन रकाने केलेत: "आताच", "मोजून" आणि "नको".

"आताच"मध्ये पहिलं नाव ब्रेक होजचं, म्हणजे ब्रेक ऑइलच्या लवचिक नळीचं. अॅक्सल पूर्ण खाली लोंबला की मूळ होज ताणली जाऊ नये, यात तडजोड नाही. दुसरं, मागच्या ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. हा फारसा कुणाच्या यादीत दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर. तो एका काडीने मागच्या अॅक्सलला जोडलेला असतो आणि चॅसी व अॅक्सलमधल्या अंतरावरून गाडीत ओझं किती ते ओळखतो. लिफ्टनंतर हे अंतर वाढतं, व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागच्या चाकांचा ब्रेक कमी करतो. तेही टायर मोठे आणि जड झाले असताना. लिफ्टच्या उंचीइतका ब्रॅकेट लावून काडी पुन्हा मूळ कोनात आणायची, एवढाच उपाय. तक्त्यातली सगळ्यात स्वस्त ओळ ही असावी.

तिसरं कास्टर, म्हणजे पुढचं चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन. रेडियस आर्म अॅक्सलला घट्ट धरून असतो, त्यामुळे लिफ्ट केली की अॅक्सलही फिरतो. आर्म ९० सेंटिमीटरचा असेल तर ५ सेंटिमीटर लिफ्टमागे साधारण ३ अंश कास्टर जातो. मग वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही आणि वेगात गाडी भटकते. कास्टर करेक्शनचे बुश (आर्मच्या सांध्यातले रबरी तुकडे) मागवलेत, कारण आर्म उतरवायचेच आहेत आणि जुने बुश तसेही भेगाळलेत. मजुरी एकदाच.

"मोजून"मध्ये अॅडजस्टेबल पॅनहार्ड रॉड, म्हणजे अॅक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा. लिफ्टने अॅक्सल एका बाजूला सरकतो हे खरं, पण २ इंचांत ही सरक काही मिलिमीटरच असते. आधी स्प्रिंग बसू देत, दोन्ही बाजूंनी टायर ते चॅसी अंतर मोजू, मग पैसे काढू. बंपस्टॉप वाढवायचे का, हेही इथेच. "नको"मध्ये व्हील स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) आणि नव्या रिम. माझी रिम ७ इंच रुंद आहे आणि ३१×१०.५०ला ७ ते ९ इंच चालते. रिम दिसायला साधी आहे, राहू दे.

टायर पाच धरलेत, चार नाही. वेगळ्या व्यासाची स्टेपनी लावून फोर-व्हील ड्राइव्ह टाकलं की ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणारा गिअरबॉक्स) ताण येतो. मागच्या दारावर स्टेपनी असेल तर बिजागऱ्यांवर वाढणारं वजनही पाहा. घेताना लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको, आणि बाजूवरच्या चार आकड्यांत टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष वाचायचं. नमुना ऑल-टेरेन (सगळ्या वाटांचा), मड-टेरेन (चिखलाचा) दिसतो झकास, पण माझी गाडी डांबरावरच जास्त धावते.

जाता जाता: मोठ्या टायरवर ओडोमीटर कमी मोजतो. मीटरवर १०० किलोमीटर झाले की प्रत्यक्षात १०७ झालेले असतात. मायलेज पडलं म्हणून हळहळणाऱ्यांनी आधी ही बेरीज करावी. स्पीडोमीटरचंही तेच: काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी ८६च्या आसपास असेल.

मजुरी, अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत खाली घेणं हे वेगळं धरलंय. शिवाय एकूण खर्चाच्या १५ टक्के गंजलेल्या बोल्टसाठी. आर्मचा बोल्ट बुशच्या नळीत धरून बसला की कापण्यावाचून गत्यंतर नसतं. नोंदणी आणि विम्याच्या नियमात हा बदल बसतो का, याची चौकशी मात्र पैसे खर्च होण्याआधीच उरकली.

आता पुढचं काम: एका बाजूची स्प्रिंग काढून, गाडी स्टँडवर ठेवून, अॅक्सल जॅकने बंपस्टॉपपर्यंत न्यायचा. मित्राचा ३१ इंची टायर उसना लावून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, कुठे घासतंय ते खडूने आखायचं. त्या खुणांवरून बंपस्टॉपची उंची ठरेल, आणि मग पाच टायरची ऑर्डर.