अदेस्ते फिदेलेस, नोंद सातवी: पोर्तुगीज गेले, दादरा मिळाला

मंडळी, तीन आठवडे नोंद टाकली नाही, कारण टाकण्यासारखं काही हाती लागत नव्हतं. काल रात्री साडेअकराला लागलं. 'अदेस्ते फिदेलेस' या लॅटिन ख्रिसमसगीताची (इंग्रजीत 'ओ कम ऑल ये फेथफुल') जॉन वेड या अठराव्या शतकातल्या इंग्रजाच्या वहीतली चाल पहिल्या स्वरापासून शेवटच्या 'दोमिनुम'पर्यंत तीनच्या तालात पेटीवर वाजली, आणि एकदाही न अडखळता गाऊनही झाली. खालच्या मजल्यावरून काठीने छत ठोकलं गेलं तेव्हाच थांबलो.

पण आधी वाईट बातमी सांगून मोकळा होतो. पोर्तुगीज धागा तुटला. नोंद दोनपासून मी ज्याच्या जिवावर उड्या मारत होतो तोच.

आमच्या आजोबांचं म्हणणं पक्कं होतं: "अदेस्ते आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणलं, गलबतातून." वसईत जन्मलेल्या माणसाला हे पटायला काय लागतं? मलाही लहानपणापासून पटलेलं. त्यात पोर्तुगालचा राजा चौथा जुआंव हा स्वतः संगीतकार. युरोपातल्या मोठ्यांत गणलं जाणारं संगीताचं ग्रंथालय त्याच्याकडे होतं, त्याच्या सूचीचा पहिला भाग १६४९ साली छापला गेला, आणि १७५५ च्या लिस्बनच्या भूकंपात ते सगळं गेलं. संशोधकाला यापेक्षा मोहात पाडणारं दुसरं काही नसतं. पुरावा होता पण जळाला, असं म्हटलं की वाटेल ते सिद्ध करता येतं. त्याच्या विला विसोझाच्या राजवाड्यात अदेस्तेची १६४० च्या सुमाराची प्रत होती असं छातीठोकपणे लिहिणारे लेख मी आठ-दहा तरी वाचले. सगळे एकमेकांचा हवाला देतात, कागद कुणीच दाखवत नाही. आणि चालीचा बाज अठराव्या शतकातला आहे. जुआंव १६५६ साली वारला. त्याच्या काळातल्या चर्चसंगीतात ही चाल बसवायची म्हणजे अभंगाला गझलेची टोपी घालण्यासारखं आहे.

मग या गाण्याला 'पोर्तुगीज हिम' (हिम म्हणजे स्तोत्र) हे नाव आलं कुठून? ते कळल्यावर मी अर्धा तास नुसता बसून होतो. त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथलिक उपासनेवर कायद्याने बंदी होती, पण परदेशी वकिलातींच्या चॅपलमध्ये ती चालत असे. लंडनच्या पोर्तुगीज वकिलातीच्या चॅपलमध्ये सॅम्युअल वेब हा ऑर्गनवादक होता. तिथे १७८५ च्या आसपास लीड्सच्या ड्यूकने हे गाणं ऐकलं, ते पोर्तुगालचंच असणार असं धरून चालला, आणि पुढे लंडनच्या बड्या मैफलींत ते त्याच नावाने गायलं गेलं. म्हणजे इमारत पोर्तुगीजांची, ऑर्गनवाला इंग्रज, आणि गाण्याला नाव इमारतीचं. दादरच्या इराण्याकडे खाल्लेल्या बटाटेवड्याला पर्शियन म्हणण्यातला प्रकार.

आणि खरा घाव घरचाच आहे. चिमाजीअप्पांनी वसई घेतली १७३९ साली. हे गाणं कागदावर सगळ्यात आधी दिसतं ते १७४० च्या दशकात, इंग्लिश कॅथलिकांच्या वहीत. म्हणजे हे गाणं कागदावर उतरलं तेव्हा इथले पोर्तुगीज बोऱ्याबिस्तर आवरून गेलेले होते. गोव्यात ते नंतर त्यांच्याबरोबर आलं असेल, पण वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये पोर्तुगीज कप्तान मध्यरात्रीच्या मिस्साला अदेस्ते गात उभे आहेत, हे माझ्या डोक्यातलं चित्र आता पुसावं लागणार. वसईच्या चर्चच्या घंटा मराठ्यांबरोबर गेल्या, एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात अजून आहे. घंटा प्रवासाला गेल्या, चाल मात्र इथे आलेलीच नव्हती. आजोबा आज असते तर त्यांनी मलाच पुरावे मागितले असते.

असो. आता मूळ दुखणं.

जॉन फ्रान्सिस वेड (१७११ ते १७८६). त्याचं नाव मराठीत लिहिलं की आपल्या छंदाचं वर्णन होतं, हा विनोद मी नोंद एकमध्ये केलाय, पुन्हा करतोय. हा गृहस्थ इंग्लिश कॅथलिक, व्यवसायाने स्वरलिपीच्या वह्या हाताने उतरवून देणारा. गेला तेव्हा त्याच्या सुंदर हस्तलिखितांचं छापील कौतुक झालं. स्टोनीहर्स्ट कॉलेजकडे त्याची १७५१ ची वही आहे. चार ओळींचा स्टाफ (स्वर मांडायच्या आडव्या रेघा), चौकोनी स्वर, ग्रेगोरियन पद्धतीचं लेखन. अक्षर असं की बघत राहावं. आणि आपल्या ओळखीची ही चाल या जुन्या प्रतींत चारच्या नव्हे, तीनच्या तालात चालते. आज जगभर गातात ती चारची चाल १७८२ साली छापून आली, त्याच वेबच्या चर्चगायनाच्या पुस्तकात.

हे वाचायला सोपं आहे. गाऊन बघा. मी तीन आठवडे गात होतो, आणि तीन आठवडे ते लंगडत होतं.

माझी पद्धत अशी: चौकोनी स्वर आधी सरगममध्ये उतरवायचे, मग म्युझस्कोअर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये घालायचे. सरगम सगळ्यांना पाठ आहेच. सा, सा प़ सा, रे प़, ग रे ग म, ग रे. निव्वळ बिलावल, शाळेतल्या पोरालाही यावा. स्वरांत काहीच वाद नाही, सगळा वाद मात्रांचा. जुन्या लेखनात आपल्यासारखे दंड (मात्रांचे गट पाडणाऱ्या उभ्या रेघा) नसतात, सम (गटाची पहिली, वजनाची मात्रा) कुठे ते छापलेलं नसतं. मी पहिला स्वर समेवर ठेवला आणि तीन-तीन मात्रा मोजत गेलो. पहिली ओळ कशीबशी संपली. 'वेनिते, वेनिते' येईपर्यंत सगळे शब्द उताणे पडलेले. 'बेथलेहेम'चा 'हेम' समेवर येऊन आदळायचा. मग म्हटलं माझंच वाचन चुकतंय, म्हणून लांब-आखूड स्वर बदलून बघितले. चार वेगवेगळ्या फाइली झाल्या: तीन-१, तीन-२, तीन-२-नवी आणि तीन-शेवटची-खरंच. सॉफ्टवेअरने प्रत्येक वाजवून दाखवली आणि प्रत्येक तितकीच वाईट वाजली. या कामात सॉफ्टवेअरचा मोठा दोष असा की ते चुकीचं गाणं अगदी बिनचूक वाजवतं. माणूस गाताना चूक असली तर घसा अडतो.

तोडगा निघाला तो बाजूच्या इमारतीतल्या काकांमुळे. त्यांना लॅटिन येत नाही, कॅरोलशी घेणंदेणं नाही, ते भजनाला तबला धरतात. परवा डग्गा दुरुस्तीला नेता नेता दारात थांबले. मी पेटीवर तीच ओळ बाविसाव्यांदा घासत होतो.

"हे काय, दादरा?"

म्हटलं, तीन-तीन मात्रांचा दादराच करायचाय, होत नाहीये.

"तुझी सम चुकतेय रे. पहिलं अक्षर समेच्या आधी सोड. मुखडा कसा उचलतात?"

एवढंच बोलून बसले आणि टेबलावर बोटांनी धा धी ना, धा ती ना सुरू केलं. मी 'अ' सोडला, आणि 'देस्' समेवर येऊन बसला. अ-देस्-ते फि-दे-लेस्. लॅटिनचा आघात 'देस्'वर आणि 'दे'वरच आहे! माझ्या मांडणीत 'देस्-ते-फि' तीन मात्रा, मग 'दे' दोन आणि 'लेस्' एक. पुढे 'ले' दोन, 'ती' एक, 'त्रि' दोन, 'उम्' एक. झोका लागला. चारच्या चालीत मिरवणूक निघते, तीनच्यात पाळणा हलतो. ख्रिसमसच्या गाण्याला पाळणा शोभतो की मिरवणूक, यावर माझं मत कालपासून बदललंय.

गंमत म्हणजे चारच्या चालीतही पहिलं अक्षर समेआधीच सुटतं. 'ओ कम ऑल ये फेथफुल'चा 'ओ' तसाच येतो. चाळीस वर्षं मी तो बरोबर गातोय. वहीत दंड दिसले नाहीत म्हणून अक्कल गहाण ठेवली, दुसरं काय. काकांना चहा आणि नेवरी दिली, ते म्हणाले, "त्या चौकोनांपेक्षा ठेका बरा."

आता चाल कुणाची, या मुद्द्याकडे. नोंद सहामध्ये मी जॉन रीडिंग या ऑर्गनवादकाला निकालात काढलं होतं. व्हिन्सेंट नोव्हेलो या इंग्लिश संगीतकाराने चालीचा कर्ता म्हणून त्याचं नाव पुढे केलं, पण त्या नावाचे ऑर्गनवादक एकाहून जास्त, आणि कुणाच्याच कामात ही चाल सापडत नाही. संत बोनाव्हेंचरच्या नावावरही हे गाणं खपवतात, त्यांना तर हात जोडून बाजूला ठेवू. हॅन्डेलच्या 'ओत्तोने' (१७२३) या ऑपेरातल्या 'पेन्सा आद आमारे' या गाण्यात एक वळण आपल्या चालीसारखं आहे, हे बऱ्याच जणांनी दाखवलंय. मी वाजवून बघितलं. आहे, पण चुलतभावाइतकं, सख्खं नाही.

मला झोपू देत नाही ते १७४४ चं पॅरिस. फावार या फ्रेंच नाटककाराच्या 'आकाजू' या संगीतनाट्यात जवळपास हीच चाल येते, आणि तिथे तिच्यावर शिक्का आहे 'इंग्लिश चाल' असा. पोर्तुगीज नाही, इंग्लिश! वेडच्या सगळ्यात जुन्या प्रती आणि पॅरिसचा तमाशा एकाच दशकात. आता वेडची वही इतक्या लवकर पॅरिसच्या रंगमंचावर पोचली, की दोघांनीही लंडनच्या एखाद्या जुन्या नाटकातली चाल उचलली? माझा कल दुसऱ्याकडे आहे. शब्द वेडचे, निदान वेडच्या गोतावळ्यातले, आणि चाल नाटकातून आलेली. आपल्याकडे नाट्यपदाच्या चालीवर भजनं झालीच की, कुणी भुवया उंचावल्या नाहीत.

शब्दांबद्दल डरहॅम विद्यापीठाच्या बेनेट झॉन यांनी २००८ मध्ये मांडलेलं तुम्हाला ठाऊकच आहे: हे गाणं म्हणजे इंग्लंडच्या हद्दपार स्टुअर्ट राजघराण्याचा वारस बोनी प्रिन्स चार्ली याच्या जन्माचा गुप्त पाळणा. चार्ली जन्मला १७२० च्या डिसेंबरात, रोममध्ये, वनवासात. 'फिदेलेस' म्हणजे स्टुअर्ट घराण्याशी इमान राखणारे, बेथलेहेम म्हणजे इंग्लंड, आणि 'रेजेम आंजेलोरुम' म्हणजे देवदूतांचा राजा, पण मधला 'ए' गाळला की 'आंग्लोरुम', इंग्रजांचा राजा. वेडच्या वह्यांत हद्दपार राजा जेम्ससाठी प्रार्थना आहेत, त्यामुळे माणूस कुठल्या बाजूचा होता यात शंका नाही. आधी मला हे सगळं ओढूनताणून वाटायचं. काल पाळणा लागल्यावर जरा कमी वाटतंय. पण एक गोष्ट खटकते: दुसरं कडवं 'देउम दे देओ' सरळ निसीन श्रद्धासूत्रातून उचललंय. राजपुत्राच्या पाळण्यात इतकं कडक धर्मशास्त्र? की झाकायलाच घातलंय? बघा, लिहिता लिहिता मीच पलटतोय.

थोडं सामानाबद्दल. जुना मिडी कीबोर्ड मी लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून 'थोडासाच वापरलेला' म्हणून घेतला होता. त्याचा मंद्र पंचम पहिल्या आठवड्यात गेला, आणि या चालीत नेमका तोच स्वर दुसऱ्या घासाला लागतो. पेटी कधी दगा देत नाही. स्वर शोधायला पेटी, कोरायला म्युझस्कोअर, हे माझं आता कायमचं ठरलं. चार ओळींचा स्टाफ करायचा असेल तर स्टाफच्या गुणधर्मांत ओळींची संख्या बदला, ताललेखन आणि दंड लपवा. चौकोनी स्वरशीर्षंही आहेत. छपाई जाड, पिवळट कागदावर करा, पांढऱ्याशुभ्र कागदावर ते लग्नपत्रिकेसारखं दिसतं.

ठरवलं होतं ते असं: तीनच्या चालीची चार आवाजांची प्रत करायची आणि यंदाच्या मिडनाईट मिस्साला आमच्या क्वायरकडून गाऊन घ्यायची. आज सकाळी मास्तरांना ऐकवली. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, "सुंदर. पण चर्चमध्ये दीड हजार माणसं चारमध्ये गाणार आणि आपण बाराजण तीनमध्ये." शिवाय पोरांना शेवटच्या कडव्यात डेव्हिड विलकॉक्सच्या मांडणीतला तो 'वर्ड ऑफ द फादर'वरचा कॉर्ड हवाच असतो, वर्षभर त्याचीच वाट बघतात. १९६१ पासून तो कॉर्ड म्हणजेच ख्रिसमस झालाय. मी तरी कुणाच्या तोंडचा घास काढू?

म्हणून हे लिहिताना नवा बेत सुचला. मिस्सा सुरू व्हायच्या आधी, लोक येऊन बसत असतात तेव्हा, एकच आवाज आणि पेटी: वेडची मूळ चार लॅटिन कडवी, तीनमध्ये. बोर्डरी या फ्रेंच धर्मगुरूने १७९४ ला जोडलेली कडवी गाळायची. मग मिस्साच्या शेवटी ओकलीचं इंग्रजी भाषांतर, चारमध्ये, सगळ्यांनी. काकांनी हळू तबला धरला तर? फादरना विचारायला हवं. नाही म्हणाले तर नुसत्या बोटांनी पेटीच्या लाकडावर.

थांबा, त्याआधी फावारची चाल सरगममध्ये उतरवून वेडच्या शेजारी ठेवतो. समेचा घोळ तिथेही मीच घातला असेल तर दोन्ही वाटल्या त्यापेक्षा जवळ निघतील. पेटी अजून उघडीच आहे, आणि खालचे लोक आज लग्नाला गेलेत.