कुंडीचा ताप

मे महिन्यात नागपूरच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर रोज एक आकडा ठळक छापून येतो. ४४, ४५, ४६. २०१३ च्या मे महिन्यात तो ४७.९ वर गेला होता आणि बाहेरगावच्या पाहुण्यांना आम्ही ते अजूनही जरा ऐटीतच सांगतो. पण हा आकडा असतो सावलीतला. वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून चांगला वर, खेळत्या हवेत बसलेला असतो. दीपगृहं बांधणाऱ्या थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्यानं ही पेटी तयार केली. आमच्या जास्वंदीला असली पेटी कोण देणार? ती गच्चीच्या कडेला, पश्चिमेचं ऊन अंगावर घेत, काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत उभी. दुपारी चारला त्या कुंडीच्या उन्हाकडच्या अंगाला हात लावून पाहा, पटकन मागे येतो. आणि त्या भिंतीला आतून चिकटून असतात ती झाडाची कोवळी मुळं.

जमिनीतल्या झाडाचं बरं असतं. वीतभर खाली गेलं की दुपार पोचते तीच मंदावून, आणि हात-दीड हातावर तर दिवस-रात्रीचा फारसा फरकच उरत नाही. कुंडीतल्या मुळांना खाली जायला जागा नाही. ती भिंतीपर्यंत जातात आणि तिथंच गोल फिरत राहतात, म्हणजे नेमकी सगळ्यात तापणाऱ्या जागी. जूनमध्ये कुंडी बदलताना मातीचा गोळा सबंध बाहेर काढला की हिशेब समोर येतो. पूर्वेच्या बाजूची मुळं पांढरी, टवटवीत. पश्चिमेची तपकिरी, चिमटीत धरली की साल हातात येते.

आपण मात्र बघतो पानांकडे. शेजारच्या काकू कठड्यावरून डोकावून हमखास विचारतात, “काय गं, पाणी नाही टाकलं काय जास्वंदीला?” टाकलेलं असतं. माती बोट बुडेल इतकी ओली असते. पण भाजलेल्या मुळांना ते ओढता येत नाही, म्हणून पानं माना टाकतात. अशा वेळी आणखी पाणी ओतलं की मुळांना हवा मिळायची तीही बंद, त्यात ते पाणी कोमट, आणि मग कुजणं सुरू. दुपारी मलूल दिसणारं झाड संध्याकाळी आपणहून सावरत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत आहे. सकाळीही माती ओली असून झाड तसंच दिसलं, तर दुखणं मुळाशी आहे. गच्चीवरच्या पाइपमधलं पहिलं पाणी तर मी बादलीतच सोडते. चहाला आधण ठेवायचं वाचेल, इतकं ते तापलेलं असतं.

मातीची कुंडी या बाबतीत फार समजूतदार. ती माठासारखी पाझरते आणि पाझरता पाझरता गार होते. मेमधली आमची हवा इतकी कोरडी, की हे काम झपाट्यानं होतं. कूलर चालतो तोही याच हिशेबावर. मुंबईच्या बहिणीला हे सांगून उपयोग नाही, तिकडच्या दमट हवेत ना कूलर धड चालतो ना कुंडी. अर्थात पाझरणाऱ्या कुंडीला पाणीही जास्त लागतं, नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, तर दोन्ही वेळा. लोक त्याच कुंड्यांना चकचकीत ऑइलपेंट फासतात तेव्हा मात्र मला राहवत नाही. छिद्रंच बुजवली तर मातीची घेतली कशाला? गेरू लावावा, तो कुंडीचा श्वास कोंडत नाही.

प्लास्टिकच्या कुंड्यांना मी ओलं बारदान गुंडाळते, खाली विटा देते (स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला असतो) आणि सगळ्यांना दाटीवाटीनं एकमेकांच्या सावलीत उभं करते. वर पालापाचोळा, त्यावर हिरवी जाळी. कूलरची गार हवा घरातून फिरून ज्या खिडकीनं बाहेर पडते, तिच्याबाहेरची जागा नाजूक झाडांसाठी राखीव. कढीपत्ता तिथं सुखात असतो.

टोमॅटोचे लाड मात्र मी उन्हाळ्यात करत नाही. दिवसा पारा पस्तिशीच्या वर आणि रात्रीही उकाडा, असं झालं की त्याचे पराग कामाचे राहत नाहीत, फुलं गळतात. जाळी बांधून फळ धरत नाही. उलट मोगऱ्याला सावलीत नेऊन ठेवणं म्हणजे त्याचा अपमान. मुळाशी ओलावा राखा आणि वर ऊन खाऊ द्या. आम्ही बाहेर पडताना डोक्याला दुपट्टा बांधतो त्या दिवसांत तो कळ्यांनी लगडलेला असतो.

घरच्यांचं म्हणणं, त्या काळ्या कुंड्या एकदाच्या भंगारवाल्याला देऊन टाक. मी देत नाही. नागपूर थंडीतही काही कमी नाही. २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ वर उतरला होता. असल्या गारठ्यात तुळस आखडते, पानं काळपट पडतात, आणि मातीची ओलसर कुंडी तिला आणखीच गारठवते. तेव्हा कोवळी रोपं मी काळ्या कुंड्यांतच लावते आणि सकाळी ऊन सगळ्यात आधी येतं त्या कोपऱ्यात मांडते. फेब्रुवारी सरला की त्या पुन्हा जिन्याखाली, उपड्या.