अर्ध्या तासाची रिंग

रविवार, रात्री साडेदहा

पंपाचं खोकं आज कपाटाच्या मागच्या कप्प्यातून काढून पलंगाशेजारच्या खणात ठेवलं. हिनेच सांगितलं. "उपचारच आहे ना तो? मग तुमच्या गोळ्यांबरोबर ठेवा."

मधुमेहाला सोळा वर्षं झाली. नसा आणि बारीक रक्तवाहिन्या हळूहळू खराब होत गेल्या, लिंगाची ताठरता कमी होत गेली आणि तीन वर्षांपूर्वी पार थांबली. मी कुणाला काही बोललो नाही. रात्री कूस बदलून झोपायला लागलो. मी यांना नकोशी झाले, असं ती ही सगळी वर्षं धरून बसली होती. हे तिच्या तोंडून ऐकलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्राची गोळी, मला चालत नाही. छातीत दुखतं म्हणून सॉर्बिट्रेट सुरू आहे, आणि दोन्ही एकत्र गेली तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका खाली येऊ शकतो. म्हणून यूरॉलॉजिस्टनी व्हॅक्यूम पंप सुचवला. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे त्यांनी आधी विचारून घेतलं, कारण ओढीमुळे कातडीखाली रक्त साकळतं. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या गेडिंग्ज ऑस्बन नावाच्या माणसाने असा पंप आधी स्वतःसाठी बनवला होता आणि 1982 मध्ये तिथे त्याच्या विक्रीला परवानगी मिळाली, हे वाचून मला धीर आला.

लिंगावर नळी बसवून पंपाने तिच्यातली हवा काढली की रक्त आत ओढलं जातं. मग नळीवरची रबरी रिंग बुडाशी सरकवायची, म्हणजे ते तिथेच थांबतं. पहिल्या आठवड्यात मी घाई केली, भराभर पंप मारला आणि कातडीवर बारीक लाल ठिपके उठले. आता बुडाशी जेली नीट लावतो, तिथले केस कापून ठेवतो, म्हणजे हवा शिरत नाही. दोनदा पंप दाबायचा, थांबायचं, परत दोनदा.

पूर्वीसारखं सगळं नाही. हाताला गार लागतं, बुडाशी डुगडुगतं, रिंगमुळे वीर्य अडतं. हे तिला आधीच सांगितलं होतं, त्यामुळे ती घाबरली नाही.

रिंग अर्ध्या तासाच्या वर ठेवायची नाही. आज पावणेदहाला लावली, वेळ तिनेच बघून ठेवली. दहा वाजून पाच मिनिटांनी म्हणाली, "अहो, आता काढा." तिच्या आवाजात संकोच नव्हता. एवढ्यासाठी तीन वर्षं का घालवली मी?

शुगरचे डॉक्टर डोळे तपासायला सांगतात, पायांना मुंग्या येतात का विचारतात. याबद्दल त्यांनी एकदाही विचारलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही. बुधवारी रिपोर्ट दाखवायला जायचंय. फाईलमध्ये चिठ्ठी घालून ठेवली आहे: त्यांना सांगायचं, येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला हेही विचारा.