झिरोचा बल्ब

बुधवार, रात्रीचे सव्वाअकरा

सकाळी आप्पा बेसिनपाशी पुन्हा पुढे झुकले. तोंडाला साबण, डोळे मिटलेले. कपाळ नळावर आपटणार तेवढ्यात मी खांदा धरला. "अगं, डोळे मिटले की पाय कुठायत तेच कळत नाही," म्हणाले. महिनाभर मी याला चक्कर समजत होते.

दुपारी डॉक्टरांनी त्यांना पाय जुळवून उभं केलं. डोळे उघडे होते तोवर ठीक. मिटले आणि आप्पा डुलायलाच लागले. मग त्यांच्या पायाचा अंगठा हलकेच हलवून विचारलं, वर की खाली? आप्पांनी मन लावून विचार केला आणि चुकीचं सांगितलं. परत विचारलं, परत चुकलं. माझ्या पोटात कालवाकालव झाली. स्वतःचा अंगठा!

रक्तात बी-१२ फार कमी निघालं. जेवण पूर्ण शाकाहारी, दूध चहापुरतं, त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन. हात-पाय कुठे आहेत याचा निरोप मज्जारज्जूच्या मागच्या भागातून मेंदूकडे जातो आणि बी-१२ नसलं की नेमकी तीच वाट खराब होते. आप्पा इतके दिवस डोळ्यांनी तोल सांभाळत होते.

संध्याकाळी वाचत बसले. हात-पाय कुठे आहेत या जाणिवेला शेरिंग्टन या शास्त्रज्ञांनी १९०६ मध्ये नाव दिलं, प्रोप्रिओसेप्शन. इंग्लंडमधल्या इयन वॉटरमन यांची ही जाणीव १९७१ मध्ये एका आजारानंतर मानेखाली पार गेली. वय १९. प्रत्येक हालचाल डोळ्यांनी बघत ते नव्याने चालायला शिकले, पण दिवे गेले की कोसळत.

तिथे मी थांबले. गेल्या महिन्यात आप्पा रात्री उठले की सगळे दिवे लावायचे, आणि मी म्हणाले होते, "आप्पा, हे घर तुमच्या अंगवळणी पडलेलं, दिवे कशाला?" ते काही बोलले नाहीत. दिवा मालवून भिंत धरत गेले. ती भिंत धरलेली मी पाहिली होती.

आत्ता अंधारात बोट नाकाला लावून बघितलं. कोपर, कान, गुडघा. बोट कुठेच चुकलं नाही. स्नायूंमधले चातीच्या आकाराचे इवले तंतू स्नायू किती ताणलाय ते सारखं कळवत असतात म्हणे. माझे कळवतायत.

पॅसेजमध्ये झिरोचा बल्ब लावला, तो रात्रभर राहील. बेसिनपाशी स्टूल ठेवलं. उद्या दुसरं इंजेक्शन.