आधी गाळणी, मग आम्ल

तेलविहिरींजवळच्या बोअरचे नमुने घेताना आज पुन्हा तोच घोळ: न गाळताच नमुना टिकवायचं आम्ल टाकलं. मग गाळाला चिकटलेलं शिसं पाण्यात उतरतं आणि आकडा उगाच फुगतो. विरघळलेले धातू मोजायचे तर आधी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, मगच नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणा. नमुना घेण्याआधी पंप चालवून पाण्याची विद्युतवाहकता स्थिरावू द्या. पाइपातलं शिळं पाणी पाइपाचाच गंज सांगणार! जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा शिसं, आर्सेनिक दोन्हींना लिटरला १० मायक्रोग्रॅम.

आर्सेनिक मात्र तेलातूनच आलं असेल असं नाही. जिवाणू तेल खाताना ऑक्सिजन संपवतात, मग मातीतली लोहाची ऑक्साइडं विरघळतात आणि त्यांना चिकटलेलं आर्सेनिक सुटतं. म्हणून लोह-मँगनीजही मोजायचंच.