गुळाचा कॉलम एवढ्या लवकर का जातो?

"सर, औषधवाल्यांचा सी-१८ कॉलम वर्षानुवर्षं चालतो, मग आपला गुळाचाच का सारखा जातो?" लॅबमध्ये नवीन आलेलं प्रत्येक पोर हे विचारतं. बिलावर सही करणारे साहेबही विचारतात, जरा वेगळ्या सुरात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. कॉलम म्हणजे एचपीएलसी यंत्रातली बारीक कणांनी ठासून भरलेली नळी; पंप तिच्यातून नमुना ढकलतो आणि गुळातल्या साखरा एकेक करून वेगळ्या बाहेर पडतात.

पहिला संशय गुळावर जातो. कोल्हापूरचा गूळ म्हणजे चुना आला, निवळीला भेंडीचा रस आला, थोडीफार मळी आली. हे सगळं फिल्टर न करता सोडलं तर कॉलमचं तोंड चोंदतं आणि प्रेशर चढतं. पण ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर आणि पुढे कचरा अडवणारा छोटा गार्ड कॉलम लावला की तो विषय मिटतो. मी म्हणतोय ते दुखणं निराळं आहे. प्रेशर ठीक असतं, पंप ठीक असतो, तरी पीक, म्हणजे आलेखावरचं प्रत्येक साखरेचं टोक, रोज थोडं थोडं लवकर यायला लागतं आणि शेवटी फ्रुक्टोज-ग्लुकोज एकमेकांत मिसळतात. तिथे कॉलममधल्या सिलिकाच्या कणांवर चिकटवलेला सिलेनचा (शेपटीवाल्या सिलिकॉन रसायनाचा) थरच निघून चाललेला असतो.

सिलिकाच्या कणावर, अगदी भोकाभोकांच्या आतसुद्धा, सिलॅनॉल (सिलिकॉनला जोडलेले ओएच गट) असतात, दर चौरस मीटरला साधारण ८ मायक्रोमोल. त्यांना सिलेन जोडतात. अठरा कार्बनची शेपटी (हाच तो सी-१८) लावली तर दाटीमुळे ३ ते ३.५ मायक्रोमोलच बसतात, निम्म्याहून जास्त सिलॅनॉल रिकामेच राहतात. मग छोटा ट्रायमिथाइल सिलेन घालून त्यातले काही बुजवतात, त्याला एंड-कॅपिंग म्हणतात. सिलेनचा धंदा जुना आहे. १९५० साली हॉवर्ड आणि मार्टिन यांनी किसेलगूर या सिलिकायुक्त मातीला डायक्लोरोडायमिथाइल सिलेनची वाफ दिली, त्यामुळे ते पाण्याने भिजेना, आणि त्यावर त्यांनी फॅटी ॲसिडं वेगळी केली. यातले मार्टिन म्हणजे दोनच वर्षांनी नोबेल मिळालेले.

शेपटी कोणतीही असो, ती टिकते ती बुडाशी असलेल्या सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन बंधावर. आपल्याकडच्या माणसाला हे उसावरून चटकन कळतं: शेंडा कितीही हिरवागार असो, बुडखा किडला की ऊस आडवा. आम्लात, विशेषतः पीएच २ च्या खाली, पाणी नेमकं तो बंध तोडतं. सी-१८ मध्ये लांब शेपट्यांचं रान इतकं तेलकट असतं की पाणी बुडापर्यंत सहज पोचत नाही, म्हणून तो तग धरतो.

ड्यूपाँट या रसायन कंपनीतल्या कर्कलँड आणि ग्लाइच यांची युक्ती मला फार आवडते. सिलेनच्या सिलिकॉनवर शेपटीखेरीज दोन मिथाइल गट असतात, त्यांच्या जागी त्यांनी आयसोप्रोपिल किंवा आयसोब्युटिलसारखे धिप्पाड गट बसवले. १९८९ मध्ये त्यांचा मोठा पेपर आला. धिप्पाड गटांमुळे सिलेन आणखी विरळ बसतो, म्हणजे कागदावर थर कमकुवत. प्रत्यक्षात असे कॉलम पीएच १ लाही चालतात, कारण बुडाशी पाण्याला शिरायला जागाच उरत नाही. अल्कलीपुढे मात्र ही शिताफी अपुरी. पीएच ८ च्या वर खालचा सिलिकाच विरघळायला लागतो, मग वरचा थर धरणार कशाला?

आता आपला गुळाचा कॉलम. हा अमिनोप्रोपिल. शेपटी फक्त तीन कार्बनची, टोकाला अमिन (नायट्रोजनचा गट), आणि मोबाइल फेजमध्ये, म्हणजे कॉलममधून वाहणाऱ्या द्रवात, ७५ भाग ॲसिटोनायट्राइलला २५ भाग पाणी. इथे रान नाही, आडोसा नाही. वर हे अमिन उलटं वळून स्वतःच्याच बुडाच्या सिलिकॉनपाशी येतं, पाच अणूंचं कडं होतं आणि पाण्याला बंध तोडायला मदत होते. शिवाय अमिन अल्कधर्मी, त्यामुळे आसपासच्या सिलिकालाही धोका. नुसत्या पाण्याने हा कॉलम धुऊ नका, असं मी ओरडतो ते यासाठी.

ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या क्षपणकारी साखरा अमिनला चिकटून इमिन नावाचा बंध करतात आणि त्यांचा काही भाग कॉलममध्येच अडकतो; सुक्रोजचं तसं होत नाही. म्हणजे कॉलम खराब होताना इन्व्हर्ट साखर (हीच ग्लुकोज-फ्रुक्टोजची जोडी) कमी दाखवायचा धोका असतो. तोडलेला ऊस पडून राहिला की हीच साखर वाढते, आणि पावसाळ्यात ढेप पाझरते तीही तिच्यामुळेच. थकलेला कॉलम गुळाची बाजू घेतो, हे मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्याला आवडेल, मला नाही. म्हणून प्रत्येक बॅचला स्टँडर्ड, म्हणजे ठाऊक प्रमाणाचं साखरेचं द्रावण, आधी आणि नंतरही चालवायचं.

पर्याय आहेत. अमाइड कॉलमवर इमिनची भानगड नाही, पण ग्लुकोजचं पीक दुभंगू नये म्हणून तो तापवावा लागतो. कॅल्शियम रूपातला रेझिन कॉलम (सिलिकाऐवजी प्लास्टिकसारखे कण) तर सिलेनच्या कटकटीतून पूर्ण सुटका देतो: ८० ते ८५ अंश, मोबाइल फेज नुसतं पाणी, ॲसिटोनायट्राइलचा खर्च शून्य. क्रम उलटा होतो, सुक्रोज आधी आणि फ्रुक्टोज शेवटी. फक्त गुळात पोटॅशियमसारखे क्षार भरपूर, ते रेझिनमधलं कॅल्शियम हुसकावतात. तेव्हा क्षार काढणारा गार्ड लावावाच लागतो, आणि साहेब, त्याचं कोटेशन मी या महिन्याच्या फाइलला जोडलंय.